शिफ्ट सुटताना लॉट अडवला आणि भांडण झालं: क्वालिटीच्या माणसाने प्रॉडक्शनशी बोलायचं कसं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही क्वालिटी इंजिनिअर आहात, नोकरीचं दुसरं वर्ष आहे. फर्स्ट शिफ्ट सुटता सुटता तुम्ही १८० नगांचा एक लॉट होल्ड केलात. प्रॉडक्शनचे सुपरवायझर, ज्यांना सगळी लाइन काका म्हणते, ते ऑपरेटरांसमोर म्हणाले, ‘‘कॉलेज सोडून दोन वर्षं झाली नाहीत आणि आम्हाला बोअर शिकवायला आल्यात.’’ (बोअर म्हणजे भागात मशीनवर कोरलेलं गोल भोक.) संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला, की क्वालिटीमुळे आजची मालाची गाडी गेली नाही. तुम्हीही तिथेच फोटो टाकून उत्तर दिलंत आणि तासभर शब्दाला शब्द वाढत गेला. तुमचे मॅनेजर म्हणतात, आपसात मिटवा. एचआरकडे तक्रार करू, गप्प बसू, की राजीनामा देऊ, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीही या आठवड्यात करू नका. मी बरीच वर्षं आधी मशीन शॉपला आणि नंतर कार्मिक विभागात काढली. हे भांडण मी फाउंड्रीत बघितलंय, प्रेस शॉपला बघितलंय, असेंब्लीतही बघितलंय. माणसं वेगळी असतात, बोलायची पद्धत वेगळी असते, पण वेळ बहुतेक तीच असते, शिफ्ट बदलायच्या आधीचा शेवटचा अर्धा तास. आणि विषय तोच, की झालेला माल मोजायचा की अडवायचा. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की काकांचा स्वभाव बदलायच्या मागे लागू नका. दोन कामं जिथे एकमेकांना जोडली जातात त्या सांध्यावर हे भांडण होतंय. तो सांधा नेमका कुठे निखळलाय ते शोधा, तिथे लेखी नियम बसवून घ्या, आणि काकांशी बोलाल ते त्या नियमाबद्दल बोला.

भांडण कामाचं आहे की माणसाचं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तुमच्या आधी या लाइनवर क्वालिटीला जो होता त्याचंही काकांशी वाजत होतं का, हे एखाद्या जुन्या ऑपरेटरला सहज विचारा. आणि काका सकाळी दहा वाजता तुमच्याशी कसे बोलतात ते आठवा. सकाळी नीट बोलणारा माणूस तीन वाजून गेल्यावरच भडकत असेल, आणि तुमच्या जागी असलेल्या प्रत्येकावर भडकत असेल, तर दोष मांडणीत आहे. सकाळी, दुपारी, कँटीनमध्येही तो फक्त तुम्हालाच पाण्यात पाहत असेल, तर प्रकरण वेगळं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता तुमच्यासारख्याच एका लॉटची गोष्ट सांगतो, कारण असल्या भांडणाच्या बुडाशी काय सापडू शकतं हे त्यातून कळेल. एका कारखान्यात अॅल्युमिनियमच्या कास्टिंगला ५० मिलिमीटरचा बोअर करायचे. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच-७, म्हणजे शून्य ते अधिक २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, मशीनवर पीस काढून लगेच बोअर गेजने मोजायचा आणि रीडिंग बरोबर मध्यात, बारा-तेरा मायक्रॉन अधिक दाखवायचं. तोच पीस तासाभराने क्वालिटीच्या टेबलावर आला की प्लग गेजची गो बाजू, म्हणजे बोअरच्या किमान मापाचा दांडा, आत जात नसे. प्रॉडक्शनवाले म्हणायचे, तुम्हाला मोजता येत नाही. क्वालिटीवाले म्हणायचे, तुम्ही खोटे आकडे लिहिता. दोन शिफ्टमधली माणसं एकमेकांचा चहाही घेईनाशी झाली होती.

खरं काय होतं? पीस मशीनमधून निघायचा तेव्हा गरम असायचा. अॅल्युमिनियम एका अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. पीस २० अंशांनी गरम असेल तर ५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये २३ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अख्खा टॉलरन्स तापमानच खातं. गरम असताना बारा मायक्रॉन अधिक दिसणारा बोअर थंड झाल्यावर अकरा मायक्रॉन कमी भरायचा. दोघांचीही मोजणी प्रामाणिक होती. मोजायचं कधी, हेच कुणी ठरवलं नव्हतं. मोजमापासाठी २० अंश हे जगभर मानलेलं तापमान आहे. शॉपफ्लोअरवर ते पाळणं कठीण, पण पीस मास्टरशेजारी, म्हणजे गेज जुळवायच्या नमुना तुकड्याशेजारी, ठेवून दोन्ही सारखे गार झाल्यावर मोजायचं, आणि सेटरने मशीन लावताना तेवढा फरक (ऑफसेट) धरायचा, एवढं लिहून मशीनवर लावलं तेव्हा ते रोजचं भांडण थांबलं. बोअर कमी भरत होता, जास्त नव्हता, त्यामुळे अडवलेला मालही परत बोअर करून वाचला.

तुमच्या लॉटमध्ये तापमानाचंच कारण असेल असं मी म्हणत नाही. गेजचं कॅलिब्रेशन असेल, क्लॅम्पिंगमध्ये पीस दबत असेल, ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन मशीनवर टांगलेली असेल. पण काकांशी बोलायला जायच्या आधी हे शोधून काढणं तुमचं काम आहे. एकच पीस, एकच गेज, तुम्ही दोघं आणि सेटर, असं एकदा सगळ्यांनी मिळून मोजा. दोन माणसं एकाच पीसवर वाकून बघतात तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. हे मी खूपदा अनुभवलंय.

दुसरी गोष्ट क्वालिटीच्या माणसांना सहसा दिसत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. लाइनच्या तोंडाशी तासागणिक बोर्ड असतो, त्यावर प्लॅन, झालेले नग आणि कमी पडल्याचं कारण लिहितात. काका रोज सकाळच्या मीटिंगमध्ये त्या बोर्डापुढे उभे राहतात. तुम्ही अडवलेले १८० नग त्या बोर्डावर कुठल्या रकान्यात जातात? बहुतेक ठिकाणी कुठेच जात नाहीत. फर्स्ट शिफ्टच्या पोरांनी घाम गाळून काढलेला माल तीन वाजून दहा मिनिटांनी बोर्डावरून पुसला जातो. सेकंड शिफ्ट तोच माल रीवर्क करते आणि आपल्या नावावर मोजते. इन्सेंटिव्ह नगांवर असेल तर पोरांच्या खिशालाही चाट बसते. आणि हे सगळं बस सुटायच्या वेळेला होतं. पुढच्या पाऊण तासाच्या प्रवासात पोरं काकांनाच विचारणार, की काका, आपला आकडा का गेला? तुम्हाला होल्ड मालाचा लाल टॅग दिसत असतो, तेव्हा काकांच्या डोळ्यांपुढे ती बस असते. त्यांचं ओरडणं यामुळे बरोबर ठरत नाही, पण ते कुठून येतं ते कळतं, आणि ते कळल्याशिवाय तुम्ही काय मागायचं हे ठरत नाही.

माझ्या मते तुम्ही पाच गोष्टी मागा. अडवलेले नग ज्या शिफ्टमध्ये झाले त्याच शिफ्टच्या नावावर, वेगळ्या ‘होल्ड’ रकान्यात दाखवायचे, आणि रीवर्कनंतर पास झाले की त्याच शिफ्टला द्यायचे. रीवर्कला लागलेला वेळ सेकंड शिफ्टच्या खात्यात वेगळा लिहायचा. शिफ्टची शेवटची मोठी तपासणी सुटायच्या तासभर आधी करायची, म्हणजे शंका आली तर बोलायला वेळ उरतो. तुमचं आणि काकांचं एकमत झालं नाही तर शिफ्ट इनचार्जने मशीनपाशी येऊन, पीस हातात घेऊन, पंधरा मिनिटांत निर्णय द्यायचा. होल्ड केलेला माल सोडायचा असेल तर तो फक्त लेखी डेव्हिएशनवर, म्हणजे मापात न बसणारा माल सोडायच्या परवानगीवर, ज्याला तसा अधिकार आहे त्याच्या नावासकट. फोनवरून ‘सोडून द्या’ चालणार नाही.

तुमचा कारखाना वाहन कंपन्यांना माल देतो म्हणजे बहुधा त्याच्याकडे आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं सर्टिफिकेट असेल. २०१६ च्या या मानकात कलम ५.३.२ आहे. मालाच्या दर्जाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना मालाची रवानगी थांबवण्याचा आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक शिफ्टला अशी जबाबदारी असलेला माणूस हजर पाहिजे, असं ते सांगतं. म्हणजे लॉट होल्ड करणं हा तुमचा हट्ट नव्हता, ते तुमचं नेमलेलं काम होतं. मात्र हे कलम लाइनवर उभं राहून काकांच्या तोंडावर फेकू नका. ते तुमच्या मॅनेजरसाठी आहे.

काकांशी बोलायचं ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, शिफ्टच्या सुरुवातीला किंवा चहाच्या सुट्टीत. लाइनवर नको, कारण तिथे पोरांदेखत त्यांना माघार घेता येत नाही. केबिनमध्येही नको, तिथे बोलावलं की माणूस आरोपी झाल्यासारखा बसतो. कँटीनचं कोपऱ्यातलं टेबल चांगलं. सुरुवात साधारण अशी करा: ‘‘काका, परवा सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं. माझं चुकलं असेल तर बाजूला घेऊन सांगा, मी ऐकेन, पण पोरांसमोर नको. आता त्या लॉटचं बोलू. मी आणि सेटरने परत मोजलं, हे आकडे आहेत. तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे येतंय?’’

लागलं ते एका वाक्यात सांगायचं आणि तिथेच सोडायचं. ते गिळून टाकलंत तर आत साठत जातं आणि पुढच्या लॉटला दुप्पट बाहेर येतं. त्याचाच पाढा वाचत बसलात तर समोरचा स्वतःचा बचाव करायला लागतो. ‘तुम्ही नेहमी’, ‘दर वेळी तुमच्याच शिफ्टला’, ‘प्रॉडक्शनवाल्यांना ना’ अशी सुरुवात टाळा. आणि प्रश्न विचारलात की गप्प बसा. पहिली पाच मिनिटं काका मन मोकळं करतील, तुमच्या आधीच्या पोराबद्दल बोलतील, प्लँट हेडबद्दल बोलतील, पंधरा वर्षांपूर्वीच्या क्वालिटीचं कौतुकही करतील. बोलू द्या. त्या सगळ्यात एक वाक्य तुमच्या कामाचं असतं, आणि ते बहुतेक वेळा असं असतं: ‘‘आधी सांगत नाही ना कुणी, ऐन वेळी टॅग लावता.’’ ते पकडा आणि म्हणा, ‘‘बरोबर आहे. शेवटची तपासणी अडीच वाजता घेतली तर जमेल का? शंका आली तर आधी तुम्हाला सांगेन, टॅग नंतर लावेन.’’ यात तुमचा अधिकार तसूभरही कमी होत नाही. माल चुकीचा असेल तर टॅग लागणारच आहे. फक्त बातमी काकांना ऑपरेटरच्या आधी मिळते, आणि वीस-पंचवीस वर्षं लाइनवर काढलेल्या माणसाला एवढा मान देणं योग्यच आहे.

पुन्हा कधी लाइनवर आवाज चढला तर त्या क्षणी खुलासा देऊ नका. तिथे तुम्ही कितीही बरोबर असलात तरी ते बोलणं वादच होतं. आवाज खाली ठेवून म्हणा, ‘‘काका, लॉट होल्डच आहे, कारण टॅगवर लिहिलंय. बाकीचं आपण इनचार्जसमोर बोलू,’’ आणि तिथून निघा. पाय लटपटत असतील तरी चालेल, वाक्य पूर्ण करून निघायचं. वाक्य आधीपासून पाठ असेल तर त्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत.

ग्रुपचं मात्र कडक बोलतो, कारण अर्धी भांडणं हल्ली तिथेच पेटतात. समोरासमोर काकांनी दोन शब्द जास्त बोलले असते आणि ते हवेत गेले असते. ग्रुपवर ते प्लँट हेडपासून ट्रेनीपर्यंत सगळ्यांनी वाचले, आणि एकाने नुसता अंगठा दाखवला तरी बाजू ठरल्यासारखी झाली. तुम्ही टाकलेल्या फोटोत मशीनचा नंबर आणि ऑपरेटरचा हात दिसत असेल, तर ज्याचा यात काही संबंध नाही अशा पोराला दुसऱ्या दिवशी मेमो मिळू शकतो. यापुढे ग्रुपवर आरोप झाला तर एकच मेसेज टाका, काहीसा असा: ‘लॉट होल्ड ३:१०, १८० नग, बोअर अंडरसाइज, री-बोअरिंग सेकंड शिफ्टला, उद्याच्या गाडीला मिळेल. बाकी उद्याच्या मीटिंगमध्ये.’ त्यात कुणाचं नाव नको, ‘यांच्यामुळे’ नको, आणि त्यानंतर कुणी काहीही लिहिलं तरी उत्तर नको. परवाचे स्वतःचे मेसेज आता पुसत बसू नका, पुसले की संशय वाढतो. सगळ्या चर्चेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता मॅनेजर. ‘आपसात मिटवा’ म्हणणारा मॅनेजर वाईटच असतो असं नाही. माणसांच्या भांडणात पडलं की दोन्हीकडून रोष येतो, हे तो बघून बसलेला असतो. म्हणून त्याच्याकडे माणसाचं भांडण घेऊन जाऊच नका. होल्ड रजिस्टर काढा, गेल्या दोन महिन्यांचे होल्ड एका पानावर उतरवा: तारीख, वेळ, नग, कारण, शेवटी काय झालं. अर्ध्याहून जास्त होल्ड शिफ्टच्या शेवटच्या तासातले निघाले, तर त्या पानालाच बोलू द्या. मग म्हणा, ‘‘सर, काकांना समज द्या असं मी म्हणत नाही. या पाच मुद्द्यांवर तुमची आणि प्रॉडक्शन मॅनेजरची सही हवी.’’ कलम ५.३.२ इथे दाखवा. आकड्यांवर सही करायला मॅनेजर सहसा तयार होतो. तो टाळायला लागला तर दोन्ही मॅनेजर, काका आणि तुम्ही अशी वीस मिनिटांची बैठक ईमेलवर मागा, विषय ‘होल्ड लॉटची पद्धत’ एवढाच.

जाहीर माफीचा आग्रह धरू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मॅनेजरने दबाव टाकून वदवलेली माफी मी बघितली आहे. त्यानंतर माणूस तोंडावर गोड बोलतो आणि मनात डूख धरतो. परत तसं होऊ नये, हे तुम्हाला हवंय. त्यासाठी बदललेली पद्धत जास्त उपयोगी पडते.

पण ही सगळी समजूत फक्त कामाच्या भांडणासाठी आहे. काही गोष्टी आपसात मिटवायच्या नसतात. तुमचं शरीर, चारित्र्य, लग्न, पेहराव यावरून शेरे येत असतील, नको असलेले मेसेज किंवा स्पर्श होत असेल, तर २०१३ च्या कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती लागते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची असते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, तिथे कारखान्याच्या आतली समजूत पुरत नाही. धमकी, अंगावर धावून येणं, हात उचलणं यांची तक्रार त्याच दिवशी, लेखी, पोच घेऊन. ‘तुम्हाला बोअर कळत नाही’ हे टोचणारं वाक्य यातल्या कशातच बसत नाही. पण त्या वाक्याला पुढे ‘बाईमाणसाला’ जोडलं जायला लागलं, आणि तेच पुन्हा पुन्हा होऊ लागलं, तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण उभं होतं हे वहीत लिहायला लागा आणि एचआरला लेखी कळवा.

तुमच्या लाइनवरच्या ऑपरेटरांना अशीच अडचण आली तर त्यांच्यासाठी तक्रार निवारण समितीचा मार्ग आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ही समिती हवी, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी हवेत. इंजिनिअर म्हणून तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसाल की नाही, हे तुमचं काम आणि पगार यावर ठरेल, म्हणून तुमच्यासाठी मी या मार्गाचा भरवसा धरत नाही.

राहिला राजीनामा. काका ओरडले म्हणून सोडू नका. दुसऱ्या कारखान्यात दुसरे काका असतील आणि तिथे तुमची ओळखही नसेल. पण नियम मागूनही वरचे लोक तो लिहून देत नसतील, तुम्ही अडवलेला माल तोंडी सांगून सोडला जात असेल आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही मात्र तुमची घेतली जात असेल, तर शांतपणे दुसरी नोकरी बघायला लागा. उद्या तो भाग गाडीत निकामी झाला तर कागदावर नाव तुमचं असतं. पुढच्या मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीही विचारा: ‘‘थर्ड शिफ्टला रात्री दोन वाजता लॉट होल्ड झाला, तर तो सोडायचा की नाही हे कोण ठरवतं, आणि ते कुठे लिहिलेलं आहे?’’ ज्यांच्याकडे हे ठरलेलं असतं ते लगेच पदाचं नाव सांगतात, आणि मागितलं तर कागदही दाखवतात.